दोन रात्रींचे भाडे आणि मालकाचा मुक्काम

घर माझे, खोली माझी. ती दोन रात्रींसाठी द्यायची की अकरा महिन्यांसाठी, हे विचारणारे सरकार कोण? रोजाने खोल्या देणाऱ्या घरमालकांना नियम लावायचे म्हटले की हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि वर्धा जिल्ह्यात तो अंमळ जास्तच रास्त वाटतो. इथे गोव्याचा किनारा नाही, महाबळेश्वरची थंड हवा तर नाहीच नाही. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारला धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम आणि सेलू तालुक्यातले बोरचे जंगल पाहायला माणसे येतात. पण रोजाने खोली मागणारे इथले नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे पेशंटचा नातेवाईक. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघेच्या दवाखान्यात घरचे माणूस भरती आहे, सुट्टी कधी होईल याचा नेम नाही, लॉजचा खर्च झेपत नाही. मग चहाटपरीवाला नाहीतर ऑटोवाला जवळचे एखादे घर दाखवतो. अशा घरमालकामागे कागदपत्रांचा ससेमिरा लावला तर गरजूच्या डोक्यावरचे छप्पर जाईल, असे म्हटले जाते. या म्हणण्यातली कळकळ खरी आहे, पण नियम म्हणजे अडवणूकच असे ते गृहीत धरून चालते आणि तिथेच फसते.

मुळात आज नियम नाहीत, हा समजच खोटा आहे. आहेत, आणि नको तितके आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तसे न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम शब्दशः वाचले तर दोन रात्रींसाठी दिलेली खोलीही त्याच्या कचाट्यात सापडते, आणि दोन रात्रींसाठी मुद्रांक भरून करार नोंदवणारा माणूस कुणी पाहिला आहे? परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवावे लागते. सेवाग्रामला परदेशातून माणसे येतच असतात, तरी खासगी घरालाही ही सक्ती आहे याची खबर किती मालकांना असेल? १८६७ च्या सराई कायद्याने वाटसरूंना उतरवून घेणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करायला लावले होते, म्हणजे नोंदीची कल्पनाही कुणी काल-परवा उकरून काढलेली नाही. आजची खरी स्थिती अशी की रोजाने खोली देणारा साधा माणूस नकळत कुठल्या ना कुठल्या कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभा असतो, आणि त्याला छळायचे की सोडायचे हे ज्याच्या हातात शिक्का आहे त्याच्या मर्जीवर राहते. ‘नियम नकोत’ म्हणणारे नकळत याच मर्जीची तरफदारी करत असतात. छोट्या मालकाला संरक्षण हवे असेल तर या व्यवहाराला त्याचे स्वतःचे, एका पानात मावणारे नियम हवेत.

‘माझे घर, माझी मर्जी’ या वाक्याची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. खोली मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिल्यांदा काय विचारतात? गाव, आणि लगेच आडनाव. आडनाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर कुणाकुणाच्या वाट्याला येते, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षभराच्या भाडेकरूला नकार मिळाला तर तो निदान दुसरी गल्ली धुंडाळतो. रात्री नऊला अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या बापाजवळ तेवढा वेळ नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करायला मनाई केली आहे, आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा-सराईचे दार बंद करणे हा गुन्हा ठरवला. पण रोजाने लागणारी खोली जोवर ‘आमचे घर’ म्हणून मिरवते, तोवर ती या सगळ्यातून निसटते. येईल त्याच्याकडून रात्रीचे पैसे घेणारे दार धंद्याचे दार आहे, ते आडनाव पाहून उघडता येणार नाही, एवढे एक कलम नियमात आले तरी नियम करण्याचे सार्थक होईल. ज्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले, तिथे भाड्याच्या खोलीसाठी एवढे मागणे जास्त नव्हे.

दुसऱ्या टोकाला लॉज आणि हॉटेलवाले आहेत. आम्ही अग्निशमनाचा दाखला काढतो, अन्नाचा परवाना घेतो, पोलिसांना रजिस्टर दाखवतो, कर भरतो. मग शेजारच्या बंगल्याला वेगळा न्याय का, हा त्यांचा सवाल. सवाल चोख आहे, पण त्यावरचा ‘सगळ्यांना सारखेच नियम’ हा उपाय चोख नाही. चाळीस खोल्यांच्या इमारतीत आग लागणे आणि घरातल्या मागच्या दोन खोल्यांत कुणी उतरणे, यांतला धोका सारखा नाही. नुसत्या खोल्या मोजूनही भागत नाही. रेघ ओढायची ती मालक त्याच छपराखाली झोपतो की नाही, यावर. केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेने हीच अट घातली आहे: एक ते सहा खोल्या आणि मालक कुटुंबासह तिथेच राहणारा. तिची उणीव एवढीच की ती ऐच्छिक आहे. ज्यांच्यासाठी नियमांची खरी गरज आहे, ते अशा योजनेकडे फिरकतही नाहीत. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी सक्तीची केली आणि यजमानाने घरात हजर राहावे, अशी अट घातली. जपानने २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यात वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आणली, ॲमस्टरडॅमने ३० रात्रींची, आणि बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या सदनिकांचे परवानेच संपवायचे जाहीर केले आहे. दिवस मोजण्याची ही पद्धत वर्ध्याच्या कामाची नाही. आजारपण काही हंगाम पाहून येत नाही, दवाखान्याजवळची खोली बाराही महिने लागते. न्यूयॉर्कची ‘मालक घरात हवा’ ही अट मात्र इथे चपखल बसते. हॉटेलवाल्यांचे म्हणणे इथवर पूर्ण मान्य करावे: मालक नागपूर-पुण्यात, किल्ली वॉचमनजवळ आणि चार फ्लॅट रोजाने चालू, असा मामला असेल तर ते घर नव्हे, लॉज आहे. त्याला लॉजचेच नियम लावावेत.

या रेघेची दोन कारणे खास वर्ध्याची आहेत. २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या बोरचे गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचे, आणि भोवतालच्या गावांचे शेतशिवार जंगलाला खेटून. तिथे गावातल्या कुटुंबाने घरात दोन खोल्या काढल्या तर रात्री बाहेर हिंडू नका, गाणी लावू नका हे सांगणारे कुणीतरी जागेवर असते. मालक नसलेल्या फार्महाऊसवर ते कोण सांगणार? दुसरे कारण दारूबंदी. जिल्ह्यात ती सुमारे पन्नास वर्षांपासून आहे. ती किती पाळली जाते, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. पण आठवडी सुट्टीला रोजाने दिलेले, मालक नसलेले घर ही ती मोडण्याची सर्वांत सोयीची जागा आहे, आणि त्याचा त्रास शेजाऱ्याला होतो. खोली बुक करायच्या ॲपवर गिऱ्हाईक तारे देते, मालक गिऱ्हाईकाला गुण देतो; मग सरकारी देखरेख कशाला, असे विचारणाऱ्यांनी त्या शेजाऱ्याचा विचार करावा. त्याला तारे द्यायची सोय कुठल्याही ॲपवर नाही. आणि टपरीवाल्याने पाठवलेल्या नातेवाइकाजवळ तर ॲपही नसते.

मग राहत्या मालकाकडून मागायचे काय? थोडके, पण नेमके. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात; गच्चीवरच्या टीनाच्या खोलीत पाण्याने ओल्या फरशीवर ठेवलेला, अर्थिंग नसलेला कूलर हा इथला सर्वांत जवळचा धोका आहे. म्हणून अर्थिंगची तपासणी आणि करंट गळताच वीज तोडणारे ईएलसीबी सक्तीचे, वापरण्याजोगा संडास, पिण्याचे पाणी, आणि दारावर मालकाचा फोन नंबर व रोजचा दर लिहिलेली पाटी. पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नाव-गाव वहीत लिहावे, आधारची झेरॉक्स ठेवू नये. परक्या घरांच्या ड्रॉवरमध्ये साचलेल्या त्या झेरॉक्स हा वेगळाच घोर आहे. बहुतेक मालक नोंदणीला का भितात, तेही उघड बोलावे: घरगुती मीटर कमर्शियल होईल आणि घरपट्टी चढेल, ही ती भीती. ती काढायची तर राहत्या मालकाच्या नोंदलेल्या खोल्यांना वीज आणि कर घरगुती दरानेच लागेल, असे नियमातच लिहावे लागेल.

उरतो शेवटचा आक्षेप: हे पाहणार कोण? सावंगी, पिपरी, सिंदी या ‘मेघे’ ग्रामपंचायती वर्ध्याला चिकटून शहराएवढ्या झाल्या, पण तिथला कर्मचारीवर्ग अजून गावाच्याच मापाचा. त्यांच्यावर जिल्हा कार्यालयाकडे अर्ज पाठवण्याचे काम टाकले तर अर्ज धूळ खातील. नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेतच व्हावी, तिची फी तिथेच राहावी, आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर नोंद झाली असे धरावे. तपासणी पहिल्या वर्षी एकदा, उन्हाळा लागण्याआधी. त्यानंतर तक्रार आली तरच.