पाठ टेकली की नाही, एवढंच दाखवा

रविवारी रात्री अहिल्यानगरच्या मैदानात काय झालं ते एव्हाना सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलंय. गादी विभागाची अंतिम कुस्ती. एका बाजूला पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला नांदेडकडून खेळणारा डबल महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे. पंचांनी शिवराजला चितपट दिलं. शिवराज म्हणाला, माझे दोन्ही खांदे टेकलेले नाहीत, व्हिडिओ बघा. व्हिडिओ बघितला गेला नाही. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीतही महेंद्र गायकवाडने गुणांवरून वाद घातला आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना मैदान सोडलं. गदा पृथ्वीराजला मिळाली आणि शिवराज-महेंद्र दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

तेव्हापासून चर्चा फक्त लाथेची चालू आहे.

लाथेबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी विचारायला नको. लाथ मारणं चूकच. पंचाच्या अंगावर हात टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. समोर हजारो पोरं बसली होती, त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या तालमीत जाणारी. त्यांनी यातून काय शिकायचं? आणि त्यानंतर काही जणांनी जी गोळ्या घालायची भाषा केली, तिचं समर्थन तर कुठल्याच तोंडाने करता येणार नाही.

पण लाथ निकालानंतरची आहे. निकालाचं काय?

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला त्याचा हिशोब नाही. थांबवून, मागे नेऊन, हळू करून पाहिला. मला दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले दिसत नाहीत. आणि नियम तर तेवढाच आहे. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत आणि पंचाला खात्री पटावी इतका वेळ पैलवान तिथे दाबून धरलेला पाहिजे. अंग पलटी खाताना एक खांदा घासून गेला तर त्याचे गुण मिळतात, कुस्ती संपत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू मोबाईलवर बघून पंचाला शिकवणार का? मान्य. माझ्याकडे एकाच बाजूचा व्हिडिओ आहे. पंच दोन फुटांवर गुडघे टेकून बघत होते. मी चुकत असेन. पण मग मला खोटं ठरवणं किती सोपं आहे बघा! मैदानात कॅमेरे होते. दुसऱ्या बाजूचं चित्रण लावा, खांदे टेकलेले दाखवा, मी इथेच माफी मागतो. ते का होत नाहीये?

काही जाणकार सांगतायत की चितपट दिल्यावर चॅलेंज घेताच येत नाही. एरवी आपल्याला माहीतच आहे, प्रशिक्षक तो स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो, टेबलावर व्हिडिओ बघतात आणि चॅलेंज चुकलं तर समोरच्याला एक गुण मिळतो. समजा चितपटला ही सोय नाही. मग तर पंचांची जबाबदारी दुप्पट होते की राव! दोन गुणांच्या निर्णयावर दाद मागता येते आणि अख्खी कुस्ती संपवणाऱ्या निर्णयावर येत नाही, असं असेल तर हात वर करायच्या आधीच खात्री करायला हवी. गादीवर पंच एकटा नसतो. साईड पंच असतो, टेबलावर आखाडा प्रमुख असतो. तिघांची रचना केलीय ती एकाची नजर चुकू शकते म्हणूनच ना?

आमच्या भागात जत्रेच्या मैदानात मी लहानपणापासून कुस्त्या बघत आलोय. तिथे कॅमेरा नव्हता, स्क्रीन नव्हता. पण शंका आली की पब्लिक ओरडायचं, वस्ताद मंडळी आत यायची, दोन मिनिटं एकमेकांशी बोलायची आणि सरळ सांगायची, "कुस्ती निकाली नाही, परत लावा." कुणाचा अपमान व्हायचा नाही. पंचाचा मान कमी व्हायचा नाही. उलट त्या पंचाला पुढच्या वर्षी नारळ देऊन बोलवायचे. तिथे जमत होतं ते चांदीची गदा आणि थार गाडी ठेवलेल्या स्पर्धेत का जमू नये?

लांबचं एक उदाहरण देतो, कारण तिथेही किताबाच्या लढतीत पंचाच्या निर्णयावरून असाच गदारोळ झाला होता. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग हा खेळ लोक जीव टाकून बघतात. 6 ऑक्टोबर 2019 ला सिडनीत त्यांच्या लीगचा अंतिम सामना होता, सिडनी रूस्टर्स विरुद्ध कॅनबेरा रेडर्स. 8-8 अशी बरोबरी आणि दहाएक मिनिटांचा खेळ बाकी. त्या खेळात एका संघाला सलग सहा टॅकल होईपर्यंत चेंडू ठेवता येतो, मग तो समोरच्याला द्यावा लागतो. रेडर्स हल्ला करत होते. पंचाने हात हलवून खूण केली, म्हणजे सहा टॅकल पुन्हा नव्याने. त्या भरवशावर रेडर्सच्या जॅक वायटनने चेंडू घेऊन स्वतःला टॅकल होऊ दिलं. तेवढ्यात पंचाने निर्णय फिरवला होता. चेंडू रूस्टर्सकडे गेला आणि थोड्याच वेळात त्यांनी ट्राय करून सामना 14-8 ने जिंकला.

लोक भडकले, आजही भडकतात. पण पुढे काय झालं ते बघा. लीगचे फुटबॉल प्रमुख ग्रॅहम ॲनेस्ली पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, अंतिम निर्णय बरोबर होता, पण आधी चुकीची खूण केली गेली, ती व्हायला नको होती. म्हणजे काय बरोबर आणि काय चूक, दोन्ही वेगवेगळं करून सांगितलं. कॅनबेरावाल्यांचं समाधान झालं नाही, ते होणारही नव्हतं. पण आपलं म्हणणं कुणी बघितलंच नाही, असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पुढच्याच मोसमात त्या लीगमध्ये कर्णधाराला पंचाच्या निर्णयाला आव्हान द्यायची सोयही आली.

आपल्याकडे खेळाडूची शिक्षा लगेच जाहीर होते. निर्णयाचा खुलासा मात्र मागावा लागतो.

आणि हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडची माती विभागाची कुस्ती आठवा. बाहेरच्या टांगेचे चार गुण द्यायचे की दोन, यावरून महिनाभर महाराष्ट्र भांडत होता. प्रकरण पंचांना धमकी देण्यापर्यंत आणि पोलीस तक्रारीपर्यंत गेलं. त्यानंतर दोन वर्षांत आपण काय बदललं? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन संघटनांनी दोन स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि धाराशिवला शिवराज राक्षे. संघटना दोन झाल्या, गदा दोन झाल्या, पण नीट व्हिडिओ बघून निकाल देणारं टेबल काही आलं नाही.

काही जण म्हणतात, खेळच तर आहे, कशाला एवढं? त्यांना सांगतो. ही गदा म्हणजे पोराचं आयुष्य असतं. तीन-तीन वेळा किताब जिंकणारे नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. म्हणून बाप म्हैस विकतो, आई दागिने गहाण टाकते आणि बदाम, दूध, तूप, मटणाचा खुराक वर्षानुवर्षं पुरवला जातो. पैलवानाची खरी ताकदीची वर्षं असतात किती? सात-आठ. त्यातली तीन बंदीत गेली तर मागे काय उरतं? शिक्षा द्या, पण ज्या निर्णयावरून हे सगळं घडलं तो तपासल्याशिवाय शिक्षेचं माप कसं ठरवलं?

यात सगळ्यात जास्त अन्याय कुणावर झालाय माहितीये? पृथ्वीराज मोहोळवर. त्याने डाव टाकला, पंचाने हात वर केला, त्यात त्याचा काय दोष? आता आयुष्यभर त्याची गदा दिसली की कुणीतरी तो व्हिडिओ काढणार. तो खरोखर चितपट जिंकला असेल तर दोन मिनिटांच्या व्हिडिओने हे कायमचं मिटलं असतं. व्हिडिओ बघण्याने हरणाऱ्याचं जेवढं भलं होतं, तेवढंच जिंकणाऱ्याचंही होतं.

म्हणून माझ्या साध्या मागण्या आहेत:

1. त्या कुस्तीचं सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण जाहीर करा.
2. उपांत्य आणि अंतिम कुस्तीत चितपट असेल तर तिन्ही पंचांनी व्हिडिओ पाहिल्याशिवाय हात वर करायचा नाही.
3. वादग्रस्त निर्णयाचं कारण दुसऱ्या दिवशी लेखी द्या.
4. पैलवानावर कारवाई करताना पंचांच्या निर्णयाचीही त्याच वेळी चौकशी करा. दोघांना एकच माप.

"अशाने प्रत्येक कुस्ती थांबेल" असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. रविवारी कुस्ती थांबलीच होती. पोलीस आत येईपर्यंत थांबली होती. त्यापेक्षा दोन मिनिटं व्हिडिओसाठी थांबली असती तर काय बिघडलं असतं?

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे मलाही मान्य आहे. पण अंतिम म्हणजे शेवटचा. बघून, विचारून, खात्री करून झाल्यावरचा शेवटचा.

पटलं तर आपापल्या तालमीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली सांगा, पण व्हिडिओ एकदा बघून मग सांगा.

#महाराष्ट्र_केसरी #कुस्ती #निकाल_दाखवा