तळावरचे मूल अंगणवाडीच्या पटावर घ्या

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ऊसतोड मजुरांचे तळ पडतात. कृष्णा-कोयनेच्या काठाने, कऱ्हाड, वाळवा, पलूस या तालुक्यांत, कारखान्यांच्या आसपास कोप्यांची वस्ती उभी राहते. काही टोळ्या बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून येतात. काही याच दोन जिल्ह्यांच्या दुष्काळी पूर्व भागातून, म्हणजे जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूने बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीवर असते, त्यामुळे बाळंतीण असली तरी बाईला गावी राहता येत नाही आणि अंगावरचे मूल तिच्याबरोबर येते. पाच महिन्यांनी टोळी परत जाते. या काळात बहुतेक तळांवरच्या सहा वर्षांखालच्या मुलांना ना अंगणवाडी असते, ना पाळणाघर.

तोडणी पहाटेच्या अंधारात सुरू होते. तान्हे मूल बांधावर झोळीत किंवा पाचटावर निजवलेले असते आणि राखायला सात-आठ वर्षांची बहीण असते, म्हणजे एका मुलाच्या पाळण्यापायी दुसऱ्याची शाळा जाते. रांगते मूल कोपीत राहिले तर तिथे उघडी चूल आणि पाण्याचा खड्डा, फडात आले तर मागे-पुढे होणारा ट्रॅक्टर. कऱ्हाड आणि शिराळा तालुक्यांत बिबट्या उसात वावरतो आणि त्याने ऊसतोड मजुरांच्या मुलांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. अशी घटना घडली की चार दिवस पिंजऱ्याची चर्चा होते. ते मूल त्या वेळी फडात का होते, हा खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आरोग्याचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, पण ते मोजता येते. अंगणवाडीचा पूरक आहार वर्षाकाठी 300 दिवस, महिन्याला सरासरी 25 दिवस मिळायचा असतो. पाच महिने गेले की 125 दिवसांचा आहार बुडाला. अन्नसुरक्षा कायद्यानुसार या आहारातून रोज 500 उष्मांक मिळायचे, म्हणजे एका हंगामात एका मुलाचे 62,500 उष्मांक हुकले. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. ही आठ महिन्यांची मुदत, आणि त्यातले पाच महिने मूल तळावर असू शकते. ‘अ’ जीवनसत्त्व आणि जंतनाशक गोळी सहा-सहा महिन्यांनी द्यायची, त्यातली एक फेरी हंगामात सापडते. वजन दरमहा व्हायचे, पण पाच महिने काटाच नाही. त्यामुळे कुपोषण तीव्र झाल्यावरच लक्षात येते, तेही मूल गावी परतल्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-20 च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने खुजी आणि 26 उंचीच्या मानाने हडकुळी आढळली होती. ज्या राज्यात घरी राहणाऱ्या मुलांची ही गत, तिथे कोपीतल्या मुलाला आणखी उपाशी ठेवणे अक्षम्य आहे.

‘ही मुले आमच्या यादीत नाहीत’ हे गावपातळीवरचे ठरलेले उत्तर कायद्यात बसत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 चे कलम 5 सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देते. मूल जिथे राहते तिथली अंगणवाडी ती स्थानिक. सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश याहून स्पष्ट आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू केली पाहिजे. मोठ्या तळावर 40 मुले सहज भरतात. अडचण एवढीच की टोळ्या उतरल्यावर मागणी केली तर तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक हंगाम संपतो. म्हणून मागणी ऑगस्टमध्येच व्हायला हवी. तळ कुठे पडणार हे कारखान्याच्या शेती विभागाला तेव्हाच ठाऊक असते.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर मोठ्या भावंडांसाठी निदान प्रयत्न झाले. आधी साखरशाळा आल्या, नंतर गावी हंगामी वसतिगृहे आली. हे सारे सहा वर्षांपुढच्यांसाठी, कारण शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला, पण तळावरच्या तीन वर्षांच्या मुलापर्यंत तो कोण नेणार, हे ठरलेले नाही. याचे उत्तर महाराष्ट्राला जुनेच माहीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा भरवली. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्या कामाच्या जागी जायचे, हे तत्त्व तिथे प्रत्यक्ष चालवून दाखवले गेले. रयत शिक्षण संस्थेचा जन्मही 1919 साली याच ऊसपट्ट्यात, कऱ्हाडजवळच्या काले गावी झाला. या भूमीला तळावरची बालवाडी अवघड वाटायचे कारण नाही.

पाळणाघराची जबाबदारी मात्र नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात ढकलली जाते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने 30 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले होते. तोडणीच्या बाया कारखान्याच्या हजेरीपटावर कधी आल्याच नाहीत. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा जोडीशी. साखर ज्या हातांनी निघते ते हात कागदावर कोणाचेच नाहीत. पैशांची सबब मात्र टिकत नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर राज्याने घालायची, असे ठरले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हे दोन कोटी होतात. त्यातला ठरावीक वाटा सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवावा.

तळावरचे अंगणवाडी-पाळणाघराचे केंद्र सकाळी दहाला उघडून चालणार नाही. ते तोडणीबरोबर पहाटे उघडावे आणि टोळी परतेपर्यंत चालावे. टोळीतलीच एखादी बाई प्रशिक्षण देऊन, कोयत्याइतकी मजुरी देऊन तिथे नेमावी, म्हणजे मूल ओळखीच्या माणसाजवळ राहील. गावच्या अंगणवाडी सेविकेवर हे काम फुकट लादू नये. तिच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला दर 2018 मध्ये 4,500 रुपये झाला, आणि ती आधीच नोंदवह्या, मोबाइल आणि सर्वेक्षणे सांभाळते आहे.

सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदांनी येत्या ऑगस्टमध्ये कारखान्यांकडून तळांच्या याद्या मागवाव्यात. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या तळासाठी अंगणवाडीचा ठराव करावा. सभासद शेतकऱ्यांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर पाळणाघराचाही प्रश्न विचारावा.