क्रियापद येईपर्यंत थांबा

फुनाबोरीत नवीन असतानाची गोष्ट. स्टेशनाजवळ पाटी होती : 'कोको नि जितेन्शा ओ तोमेनाइदे कुदासाई.' आम्ही क्लासात शिकलेल्या जपानीच्या जोरावर वाचू लागलो. 'कोको नि' म्हणजे इथे, 'जितेन्शा ओ' म्हणजे सायकल, 'तोमे' म्हणजे लावणे. झालं! सायकल लावून आम्ही मोकळे. पुढचा 'नाइ' वाचायचे कष्ट कोण घेतो?

खरं तर मराठी माणसाने ही चूक करायलाच नको. 'इथे सायकल लावू नका' यात आपलाही नकार शेवटीच असतो. पण इंग्रजीत नकार आधी भेटतो आणि तीच सवय आम्हाला नडली.

मग जपानी माणूस काय क्रियापद येईपर्यंत ताटकळत बसतो? तसं मुळीच नाही. युकी कामिदे, जेरी आल्टमन आणि सेरा हेवूड यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. चित्रात वेट्रेस, गिऱ्हाईक आणि बर्गर. जपानी ऐकणाऱ्यांच्या कानावर 'वेट्रेस गिऱ्हाइकाला...' एवढंच पडलं की त्यांची नजर बर्गरकडे वळायची, बर्गरचं नावही निघालेलं नसताना! क्रियापद तर आणखी लांब. ही करामत 'गा' आणि 'नि' या प्रत्ययांची. 'नि'च्या जागी कर्माचा 'ओ' ठेवला तर नजर बर्गरकडे तितकी जात नसे. (आपल्या 'ला'ला बिचाऱ्याला ही दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात.)

इथपर्यंत जपानी आपली मावसबहीण. क्रियापदापाशी मात्र वाट फुटते. जपानी 'किता' म्हणजे आलो, आलीस, आला, आले, काहीही. कोण ते संदर्भावरून ओळखा. स्पॅनिश त्या मानाने बोलकी : 'आब्लो' म्हणजे मी बोलतो, 'आब्ला' म्हणजे तो बोलतो. पण बोलणारा बाई की पुरुष, हे तीही सांगत नाही. मराठी पुष्कळदा तेही सांगून टाकते. एक अपवाद 'आम्ही'चा, त्यात दोघंही झाकले जातात आणि आमच्यासारख्या सदरलेखकांची सोय होते.

हे सारं आठवायचं कारण आमचे चिरंजीव. आजोबांनी फोनवर विचारलं, "काय करतोयस रे?" उत्तर गेलं, "मी जेवते." आजोबा आधी खूप हसले, मग जरा गप्प झाले. कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो' म्हणतात ती गोष्ट निराळी, ती तिकडची रीतच. इथे कारण साधं होतं. बाबा रात्री घरी येईस्तोवर पोरगं झोपलेलं. दिवसभर जी काय मराठी कानावर पडते ती आईची. शाळेत इंग्रजी, खाली बागेत जपानी. तिथे हे क्रियापद दुरुस्त करणारं कोण?

आता दर रविवारी बाबा गोष्ट वाचतात आणि क्रियापदाच्या अलीकडे थांबतात. 'राजा रानात...' की चिरंजीवांनी 'गेला' म्हणायचं. घाई आम्हालाच होते; ओठावर आलेलं गिळून बसावं लागतं. गेल्या रविवारी राजा, राणी, वाघ सगळे बिनचूक गेले. मग पुस्तक मिटून चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी झोपते."