मुकी तबकडी

एखादे माणूस बोलता बोलता गप्प झाले, तर त्याला काय झाले याची आपण विचारपूस करतो. वस्तू गप्प झाली, की मात्र विचारपूस न करताच तिच्यावर निकाल देऊन मोकळे होतो. सध्या अनेक घरांतून व शाळांतून असा निकाल सीडीच्या तबकड्यांवर दिला जात आहे. नव्या लॅपटॉपात तबकडी ठेवावयास बहुधा जागाच नसते. म्हणून बाहेरून जोडावयाचा एक चपटा ड्राइव्ह आणला जातो. त्यात तबकडी ठेवली जाते, ती गरगर फिरू लागते, आणि आवाज मात्र येत नाही. मग "सीडी खराब झाली" असे एक वाक्य उच्चारले जाते आणि तबकडी केरात जाते. या वाक्याला माझा आक्षेप आहे. हा निकाल पुष्कळदा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखा असतो, आणि त्यात जे नष्ट होते ते पुन्हा मिळत नाही.

कोणी म्हणेल, "एका तबकडीचे एवढे काय? सारी गाणी आता इंटरनेटवर मिळतात." चित्रपटांतील गाण्यांपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या लोकांनी तबकड्यांवर केवळ बाजारातील गाणीच जमविली नाहीत. शाळेचे स्नेहसंमेलन, जत्रेत गावकऱ्यांनी केलेले मराठी नाटक, चवथीच्या दिवशी घरात घुमलेली घुमटआरती, भजनी सप्ताहात कोणा आजोबांनी म्हटलेला अभंग, हे सारे त्यांवर उतरविले गेले. त्यांतील कित्येक गळे आज कायमचे मिटले आहेत. अशा तबकडीची दुसरी प्रत बहुधा जगाच्या पाठीवर कोठेही नसते. तिला टाकून देण्यापूर्वी तिच्यासाठी अर्धा तास खर्च करणे, हे मी छंदाचे नव्हे तर कर्तव्याचे काम मानते.

मी कलाशाखेची पदवीधर. यंत्रशास्त्र काही मी शिकलेले नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण येथे लागणारी विद्या आपल्या व्याकरणाच्या तासाला शिकविली जाते. वाक्य कोठेतरी चुकले असे वाटले, तर आपण त्याचे पृथक्करण करतो. कर्ता, कर्म, क्रियापद वेगवेगळे करून दोष कोणत्या पदात आहे ते पाहतो. सबंध निबंध फाडून टाकीत नाही. मुक्या तबकडीचेही असेच पृथक्करण करता येते.

प्रथम आवाज कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत येतो ते ध्यानात घेऊ. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ साली जपानच्या बाजारात प्रथम विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. ग्रामोफोनची सुई खाचेतून बाहेरून आत चालत असे. येथे लेझरचा सूक्ष्म किरण सर्पिल रेषेवरून आतून बाहेर जातो. त्या रेषेवर आवाज आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो: दर सेकंदाला डाव्या बाजूसाठी ४४,१०० व उजव्या बाजूसाठी ४४,१०० आकडे. ड्राइव्ह हे आकडे वाचतो. यूएसबीची तार ते संगणकात पोहोचविते. गाणी वाजविणारा प्रोग्रॅम त्यांचा स्वीकार करतो. संगणकातील ध्वनियोजना त्यांच्यापासून विजेच्या लहरी बनविते. आणि स्पीकर त्या लहरींचा नाद करतो. पाच हात एकत्र आले म्हणजे एक सूर निघतो. त्यांतील कोणताही एक हात सुटला तरी परिणाम एकच: शांतता. शांतता एक असली तरी तिची कारणे अनेक असतात, एवढे मनात ठसले म्हणजे निम्मे काम झाले.

उरलेले काम एका साध्या प्रश्नापासून सुरू होते. पडद्यावरील सेकंदांचा आकडा पुढे सरकत आहे काय? तो सुरळीत सरकत असेल, तर तबकडी वाचली जात आहे. दोष पुढच्या वाटेवर शोधावा. आकडा हलत नसेल, किंवा अडखळत असेल, तर दोष अलीकडे, म्हणजे ड्राइव्ह, तार अथवा तबकडी यांपैकी कोठेतरी आहे. एका प्रश्नाने चौकशीचे क्षेत्र असे अर्ध्यावर येते.

समजा, आकडा सरकत आहे. मग ड्राइव्ह बाजूला ठेवून लॅपटॉपात आधीच साठविलेले एखादे गाणे लावून पाहावे. तेही ऐकू येत नसेल, तर ड्राइव्ह आणि तबकडी दोघेही निर्दोष सुटले. आवाज म्यूट केलेला असेल, किंवा तो भलतीकडे जात असेल. शाळेत हा दुसरा प्रकार वारंवार घडतो. लॅपटॉप एचडीएमआयच्या तारेने प्रोजेक्टरला जोडलेला असतो, आणि संगणक आवाजही त्याच तारेने तिकडे धाडतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर वर्गात कोणालाच काही ऐकू येत नाही. घरी ब्लूटूथचा हेडफोन शेजारच्या खोलीत चालू राहिलेला असतो, आणि आजोबांचा अभंग रिकाम्या उशीला ऐकविला जातो. ध्वनीच्या मांडणीत जाऊन स्पीकर निवडला, की हा रोग तत्क्षणी बरा होतो.

साठविलेले गाणे वाजते आणि सीडी तेवढी वाजत नाही, असे झाले तर थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. पूर्वीच्या संगणकांत ड्राइव्ह पोटातच बसविलेला असे, आणि त्याच्यापासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक स्वतंत्र तार गेलेली असे. आकड्यांचा आवाज ड्राइव्ह स्वतःच बनवी आणि त्या तारेने पाठवी. यूएसबीने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला ती तार नसते. जुन्या रिवाजाचा प्रोग्रॅम मात्र त्या नसलेल्या तारेवरून आवाज येईल म्हणून बसून राहतो. सेकंद सरकतात आणि ध्वनी येत नाही. विंडोज एक्सपीच्या काळातील संगणकांत ड्राइव्हच्या गुणधर्मांमध्ये डिजिटल सीडी ऑडिओ चालू करण्याची एक चौकट असे. तिच्यात खूण केली म्हणजे आकडे यूएसबीच्याच मार्गाने येऊ लागत. कपाटातून असा जुना संगणक काढून वापरणाऱ्यांनी ती चौकट अवश्य पाहावी. इतरांनी आकडे स्वतः वाचून घेणारा व्हीएलसीसारखा विनामूल्य प्रोग्रॅम वापरून पाहावा.

आता दुसरी शक्यता. आकडा हलत नाही, ड्राइव्ह टक्टक् आवाज करतो, सुरू होतो आणि पुन्हा थांबतो. येथे तबकडीला दोष देण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, आणि येथेच विजेकडे लक्ष द्यावयास हवे. सामान्य यूएसबी २.० जोडणीतून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर एवढा प्रवाह मिळण्याची प्रमाणित मर्यादा आहे. थांबलेली तबकडी फिरती करण्याच्या क्षणी मोटरला विजेची गरज अधिक लागते. एकाच यूएसबी हबवर माऊस, पेन ड्राइव्ह व हा ड्राइव्ह असे तिघे जेवावयास बसले, तर ज्याची भूक मोठी तो उपाशी राहतो. उपाय सोपा आहे. हब व लांबविलेली तार दूर करून ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडावा. दुसऱ्या छिद्रात लावून पाहावा. शक्य तर तार बदलावी. काही ड्राइव्हांबरोबर दोन तोंडांची तार येते; तिचे दुसरे तोंड शोभेसाठी दिलेले नसते.

एवढे सारे झाल्यावर मग तबकडीची पाळी. तिची परीक्षाही न्यायाने व्हावी. तीच तबकडी दुसऱ्या यंत्रात आणि दुसरी तबकडी त्याच ड्राइव्हमध्ये, अशी अदलाबदल करावी. आवाज दर वेळी नेमका त्याच ठिकाणी अडखळत असेल, तर तेथे डाग किंवा ओरखडा असण्याचा संभव आहे. दर वेळी निराळ्या ठिकाणी अडखळत असेल, तर पुन्हा यंत्राकडे व विजेकडे वळावे. डाग मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावा, गोल गोल फिरवू नये. आकडे रेषेच्या दिशेने लिहिलेले असतात. गोल घासल्याने पडणारा ओरखडा सलग पुष्कळ आकडे गिळतो, आडवा ओरखडा थोडेच गिळतो, आणि तेवढी गळती भरून काढण्याची गणिती तरतूद तबकडीत मुळातच केलेली आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नाव छापलेली बाजू अधिक नाजूक असते. चकाकणारा धातूचा थर त्या बाजूला अगदी पृष्ठाजवळ असतो. म्हणून तेथे बॉलपेनने लिहिणे घातक होय. घरी उतरविलेल्या तबकड्यांत तर रंगद्रव्याचा थर असतो. ऊन व उष्णता यांनी तो बिघडतो. तबकडी खरोखरच मेलेली असू शकते, हे मी नाकारीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मृत्यूचा दाखला शेवटी लिहावा, आरंभी नव्हे.

या सर्व चौकशीत एक पथ्य मात्र कडक पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत हे पथ्य आपण पाठ म्हणतो आणि घरी येताच विसरतो. तार, प्रोग्रॅम आणि तबकडी एकदम बदलली आणि गाणे वाजू लागले, तर आनंद होईल, ज्ञान होणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच दोष उद्भवला तर आपण पुन्हा अडाणीच राहू.

"कालबाह्य यंत्रासाठी विद्यार्थ्यांचा वेळ का दवडावा?" असा आक्षेप काही पालक घेतील. २००८ साली ॲपलने मॅकबुक एअर हा लॅपटॉप सीडीच्या ड्राइव्हवाचून सादर केला, आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. तेव्हा हे यंत्र मावळतीला लागले आहे हे खरेच. परंतु म्हणूनच त्वरा करावयास हवी. आज ड्राइव्ह दुकानात मिळतो, तोवर तबकड्यांतील आवाज काढून घ्यावा. तो काढतानाही एक फसगत टाळावी. विंडोजमध्ये गाण्यांच्या सीडीत प्रत्येक गाण्याच्या नावाने अवघ्या ४४ बाईटांची एक फाईल दिसते. कित्येक जण त्याच फायली उचलून संगणकात ठेवतात आणि तबकडी टाकून देतात. वास्तविक एका मिनिटाच्या संगीताला १ कोटीहून अधिक बाईट लागतात. ती छोटी फाईल म्हणजे घरावरची केवळ पाटी. घरातील माणूस आणावयाचे, तर सीडी रिप करण्याची सोय असलेल्या प्रोग्रॅमने वेव्ह किंवा फ्लॅक या स्वरूपात प्रत काढावी, ती पूर्ण ऐकून पाहावी आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

आपल्या गोव्याच्या मातीतील एका आवाजाचे उदाहरण येथे आठवते. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉएजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ज्यांनी ती तबकडी पाठविली, त्यांनी सोबत ती वाजविण्याची सुई दिली आणि ती कशी वाजवावी हे वेष्टनावर चित्रांनी कोरले. आवाज जपावयाचा तर त्याला पुन्हा बोलते करण्याचे साधन व रीतही जपावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. न पाहिलेल्या, कदाचित नसलेल्याही श्रोत्यासाठी त्यांनी एवढी काळजी घेतली. आपले श्रोते तर आपल्याच घरात आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत कपाटाच्या तळाशी पडलेल्या तबकड्या बाहेर काढा. घाईने निकाल देऊ नका. वर सांगितलेल्या क्रमाने प्रत्येकीची चौकशी करा. जी बोलू लागेल तिची प्रत काढा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून ती ऐकवा. कोण गात आहे, पेटीवर कोण आहे, घुमट कोणाच्या हातात आहे, वर्ष कोणते, हे त्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. आवाज वाचला आणि नाव विसरले गेले, तर ती तबकडी अर्धी मुकीच राहिली असे म्हणावे लागेल; आणि तो दोष कोणत्याही तारेने अथवा प्रोग्रॅमने पुढे दुरुस्त करता येणार नाही.