एक्सप्लेनर: 'भारमान कमी' म्हणून तुमची एसटी बंद? आधी हा हिशेब समजून घ्या

रात्री साडेआठला गावात पोहोचणारी मुक्कामी एसटी. उतरणारे प्रवासी 6. सकाळी सहाला हीच गाडी तालुक्याला निघते तेव्हा आत 34 जण. आसनं 40 धरली तर रात्रीचं भारमान 15 टक्के, सकाळचं 85 टक्के. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण पेच खरा आहे. रात्रीची फेरी तोट्याची म्हणून बंद केली, तर गाडी मुक्कामाला येणारच नाही. मग सकाळची भरलेली फेरीही जाते आणि तिच्यासोबत अनेकांचं कॉलेजही.

नेमकं काय मोजतात?

एसटीत मुख्यतः तीन गोष्टी: एक गाडी दिवसाला किती किलोमीटर धावली, किती आसनं भरली (भारमान) आणि डिझेल किती लागलं. रेल्वेत इंजिनाचे दिवसाचे किलोमीटर आणि त्यानं किती टन वजन किती अंतर ओढलं, हे पाहतात.

गोम कुठे आहे?

भागाकारात. समजा ताफ्यात 10 इंजिनं आहेत. 2 शेडमध्ये दुरुस्तीला, उरलेली 8 रोज 500 किलोमीटर धावतात. फक्त वापरातली इंजिनं मोजली तर सरासरी 500. सगळा ताफा धरला तर 400. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला धावणाऱ्या इंजिनांबद्दल सांगतो, दुसरा शेडमधल्या खोळंब्याबद्दलही. पहिलाच सांगितला की खोळंबा झाकला जातो.

कमी धावणारं इंजिन म्हणजे वाया गेलेलं?

कर्जत–लोणावळा घाट पाहा. इथे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर चढते. म्हणून जड गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, तेच बँकर. सुमारे 28 किलोमीटर ढकलायचं, लोणावळ्याला सुटायचं आणि परत खाली. किलोमीटरच्या तक्त्यात लांब पल्ल्याच्या इंजिनापुढे ते मागेच राहणार. पण ते नसेल तर गाडी घाट चढणार नाही.

मग मोजायचंच नाही का?

मोजायलाच हवं. गाड्या आणि डिझेल लोकांच्या पैशातून येतात. मात्र घाटातल्या गाडीची तुलना घाटातल्याच गाडीशी व्हावी. वापरातल्या आणि एकूण ताफ्याच्या, अशा दोन्ही सरासऱ्या जाहीर व्हाव्यात. आणि फेरी बंद करण्याचा निर्णय एकेरी भारमानावर नव्हे, गाडीच्या पूर्ण दिवसाच्या कामावर व्हावा. वरच्या मुक्कामी गाडीचं जाऊन-येऊन भारमान 50 टक्के आहे, 15 नाही.

तुमच्या गावची फेरी बंद होणार असेल, तर आगारात जाऊन एवढंच विचारा: हे भारमान एका फेरीचं की जाऊन-येऊन?