उपग्रह साक्षीदार असावा, न्यायाधीश नव्हे

देशातील जंगल किती, हे आज आकाशातून ठरते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार वने व वृक्ष मिळून देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर आच्छादन आहे. आकडा सुखावणारा आहे. पण त्यामागील व्याख्या कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. एक हेक्टर वा अधिक क्षेत्र आणि किमान १० टक्के वृक्षछत्र असले, की ती जमीन वनाच्छादित ठरते. मालकी कोणाची, झाडे कोणती, हे तेथे गौण असते. फळबाग आणि पिढ्यानपिढ्यांचे रान एकाच खात्यात जमा होतात.

अशा नकाशांच्या कामात आता मशीन लर्निंगचीही भर पडत आहे. माणसांनी ‘हे जंगल, हे शेत’ अशा खुणा केलेले नमुने यंत्राला दाखवायचे आणि उरलेल्या प्रदेशाचा अंदाज त्याने सांख्यिकीच्या आधारे बांधायचा, अशी ही रीत आहे. नमुन्यांत डोंगरउतारावरची नागली-वरई नसेल, तर यंत्राला ती ओळखता येणार कशी? देशव्यापी नकाशासाठी वापरलेल्या उपग्रहचित्रांतील एक ठिपका सुमारे साडेपाच गुंठ्यांचा. आदिवासीचे वीस गुंठ्यांचे शेत चार ठिपकेही भरत नाही. नकाशा नव्वद टक्के अचूक आहे असे सांगितले, तरी उरलेल्या दहा टक्के चुका सर्वत्र सारख्या वाटल्या जात नाहीत. घनदाट अरण्य बरोबर ओळखले जाते. चुका साचतात त्या जंगलाच्या कडेला, विरळ झाडीत, पडीक टाकलेल्या तुकड्यांवर. आणि नेमका तेथेच गरीब माणूस कसत असतो.

हा केवळ तंत्राचा वाद नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. गुजरातेत उपग्रहचित्रांवर विसंबून दावे फेटाळले गेले, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ साली न्यायालयाने दाव्यांचा फेरविचार करण्यास सांगितले. २०१२ च्या सुधारित नियमांतही स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, पर्याय नव्हे. वडीलधाऱ्यांची जबानी, जुनी बांधबंदिस्ती, स्थळपाहणी यांचे मोल कायद्याने मान्य केले आहे.

आमचा विज्ञानाला विरोध नाही. वणवा व चोरटी तोड वेळीच कळण्यासाठी, तसेच खाणींनी गिळलेल्या रानाचा हिशेब मागण्यासाठी हेच नकाशे जनतेच्या हाती शस्त्र ठरू शकतात. प्रश्न आहे तो ते कोणाच्या हाती असावेत, हा. म्हणून मागणी अशी हवी: नकाशा, त्याचे नमुने आणि चुकांचे प्रमाण ग्रामसभेपुढे मराठीत मांडले जावे; आणि यंत्राचा निष्कर्ष व गावाची साक्ष यांत विसंगती दिसली, तर प्रत्यक्ष शिवारात गेल्यावाचून एकही दावा फेटाळला जाऊ नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या मागणीचे ठराव ग्रामसभांतून करून घ्यावेत.