मोटारसायकलवरची गाणी



परवा चौलला एका नारळ-पोफळीच्या वाडीत गेलो होतो. वाडीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "साहेब, गाडीवर स्पीकर बसवलेत, पण आवाज फाटतो."

पाहिले तर सामान चांगले, जोडणी मात्र कच्ची. खाऱ्या वाऱ्याने तारांच्या टोकांना हिरवा गंज चढला होता. तो घासून काढला, तारा घट्ट आवळल्या आणि वरून व्हॅसलीन लावले. एका स्पीकरच्या तारा उलट होत्या. अशाने दोन स्पीकर एकमेकांचा जाड आवाज मारतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस जुळवताच आवाज भरदार झाला.

मग मोबाइलचा आवाज पाऊण ठेवून अ‍ॅम्प्लिफायरचे बटण हळूहळू वाढवले. आवाज फाटू लागताच थोडे मागे घेतले. बेसही कमी केला, लहान स्पीकरला तो पेलत नाही. खत दुप्पट टाकले म्हणून पीक दुप्पट येत नाही, तसेच हे.

बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज अवश्य घालावा. तार घासून ठिणगी पडली तर शेजारीच पेट्रोलची टाकी आहे. इंजिन बंद ठेवून गाणी लावू नयेत. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. ५ अँपिअर-तासाची बॅटरी तासाभरात उतरते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या नियमांनी मनाई आहे. दिवसाही मागच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. मुलगा सुखरूप घरी आला, तर गाणी उद्याही ऐकता येतील.